हार्ड डिस्कची आरशातली प्रतिमा

न्हावरे, ता. शिरूर
१२ जून २०२५

प्रिय अंकिता,

पत्र बघून दचकू नको, कुणी गेलेलं नाही. हाताने लिहिलेलं पाकीट आलं की आपल्याकडं बाया आधी पदर डोळ्याला लावतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. मी धडधाकट आहे, जामिनावर आहे, दर सोमवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी लावतो, आणि जामिनाची अट अशी की 'आरोपीने कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण हाताळू नये.' माझा फोन जप्त, लॅपटॉप जप्त. आईच्या साध्या फोनचा चार्जरही नेला. आईनं तर ही अट कोर्टापेक्षा जास्त मनावर घेतली आहे. दिव्याचं बटण मला दाबू देत नाही. काल नुसतं मिक्सरकडं बघितलं तर ओरडली, "हात लावू नगंस, परत आत घालतील!"

तुझ्यापर्यंत काय काय पोचलं असेल देव जाणे. खरं ते असं. टेकवाडीच्या दूध संस्थेत दिवाळीत मी लाल अक्षरांचा मोठा बोर्ड बसवला. दुधाचा नमुना मशीनला लावला की फॅट किती, पाणी किती, ते बोर्डावर सगळ्यांना दिसतं. चेअरमन इंद्रजीतरावांचं दूध मशीनला कधी लागलंच नव्हतं. त्यांचा आकडा तोंडी यायचा, मापाडी लिहून घ्यायचा. सव्वीस जानेवारीला मापाडी लग्नाला गेला. बदलीवर झाडूवाल्या वच्छलाबाई होत्या. त्यांना ही रीत कुणी सांगितली नव्हती, त्यांनी चेअरमनचा नमुना चारचौघांसारखा लावला. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत संपलं, आणि बोर्डावर आलं: 'सभासद क्र. १. फॅट २.१. पाणी ३८ टक्के.'

दोनशे माणूस बोर्डाकडं बघतंय. मी शिट्टी मारली. माझा गुन्हा एवढाच, पण शिट्टीला कलम नाही म्हणून हॅकिंगचं लावलं. पुरावा काय, तर त्या वेळी कॉम्प्युटरवर माझ्या नावाचं लॉगिन उघडं होतं. अगं, बोर्ड बसवताना मीच ते केलं होतं! वच्छलाबाई साक्ष देईनात. म्हणतात, "म्या काय बी बघितलं न्हाई, म्या झेंड्याकडं बघत हुते."

मोफत मदतीतून मला वकील मिळाल्या, अनुपमा मॅडम. बाई चांगल्या आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बांधाची भांडणं मी डोळे मिटून चालवते. तुझ्या केसमध्ये डोळे उघडूनही काही दिसत नाही. कॉम्प्युटर कळणारा माणूस आण." म्हणजे सरकार मला वकील देतं, पण वकिलाला समजावून सांगणारा देत नाही. समोरच्यांकडं मात्र तज्ज्ञ आहे. मच्छिंद्र सर, टायपिंग क्लासवाले. तीन दिवसांचं प्रशिक्षण केलंय, प्रमाणपत्र गणपतीच्या फोटोशेजारी लावलंय. पुण्यातल्या एका तज्ज्ञाला आबांनी शेजाऱ्याच्या फोनवरून विचारलं. फी ऐकून ते तडक गोठ्यात गेले.

तू एम.एस्सी. केलंस. दौंडला कॉलेजात हाच विषय शिकवतेस. मी ज्या वर्षी मास्तरशी भांडून बाहेर पडलो, त्याच्या पुढची सगळी वर्षं तू पूर्ण केलीस. तू ये.

आणि दुसरी गोष्ट तुला माहीत आहे. अकरावीपासून माहीत आहे.

तुझाच,
बिरदेव

*

खुटबाव, ता. दौंड
२० जून २०२५

श्री. बिरदेव गेणबा यांस,

पत्र मिळाले. मायना वाचून घाबरू नकोस, तो मुद्दाम आहे.

मी साक्षीला उभी राहिले तर मला पहिला प्रश्न कॉम्प्युटरचा येणार नाही. 'आरोपी तुमचा कोण?' हा येईल. तुझी आई म्हणजे माझ्या सगुणाआत्या; त्या दादांना, माझ्या वडिलांना, राखी बांधतात, म्हणून ते तुझे मानलेले मामा. रक्ताचं नातं शून्य. पण खुटबावपासून न्हावऱ्यापर्यंत मला सगळे 'बिरदेवच्या मामाची पोरगी' म्हणतात, आणि मामाच्या पोरीचा अर्थ काय होतो हे सरकारी वकिलांना शिकवावं लागणार नाही. एकदा का मी 'घरची' ठरले की माझा अहवाल रद्दीत गेला. म्हणून निकाल लागेपर्यंत 'प्रिय' नाही, 'तुझाच' नाही, अकरावी नाही. मला मॅडम म्हणायचं. खुटबावला यायचं नाही. मामीला भेटायला म्हणूनही नाही.

आता काम. वकीलबाईंना अर्ज करायला सांग की संस्थेच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची 'मिरर इमेज' आम्हाला मिळावी. म्हणजे आतल्या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, एक ठिपकाही कमी-जास्त नाही. सोबत 'हॅश व्हॅल्यू' मागा. तो त्या नकलेचा अंगठा समज. आत एक अक्षर जरी बदललं तरी अंगठा बदलतो. या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय कुणीही तज्ज्ञ, मी किंवा पुण्याचा, तुझ्यासाठी काही करू शकत नाही.

आणि एक लक्षात ठेव. तू हॅकिंग केलं नाहीस असं सिद्ध झालं, तर बोर्डावरचा आकडा खरा ठरतो. तू निर्दोष सुटलास की दूध दोषी ठरतं. ते तुला सहज सुटू देणार नाहीत.

अंकिता संपत
(मॅडम)

*

न्हावरे
११ ऑगस्ट २०२५

मॅडम,

हे लिहिण्याआधी दोन कागद फाडले, पण लिहिलं.

अर्जावर सुनावणी झाली. सरकारी वकील म्हणाले, आरोपीला वेगळा तज्ज्ञ कशाला? मच्छिंद्र सर निःपक्षपाती आहेत, आरोपीनं आपल्या शंका त्यांनाच विचाराव्यात. अनुपमा मॅडम म्हणाल्या, "कुस्तीत समोरच्याच पैलवानाला विचारायचं का, मला कसा पाडतोस म्हणून?" जजसाहेब हसले नाहीत, पण लिहून घेतलं. मी मागून ओरडलो, "बरोबर हाय!" त्याबद्दल मला समज मिळाली. तीही लिहून घेतली.

शेवटी हुकूम झाला. आरोपीला त्याचा तज्ज्ञ आणता येईल, 'मात्र सदर तज्ज्ञ आरोपीचा नातलग अथवा हितसंबंधी नसावा'. आणि तुम्ही मागितलेली वस्तूही द्यायला सांगितली आहे. मराठी प्रत सोबत जोडली आहे. त्यात 'मिरर इमेज'ला 'आरशातील प्रतिमा' असं लिहिलंय. 'हॅश व्हॅल्यू' तशीच ठेवलीय, बहुतेक कुणालाच ती कशात घालावी ते कळलं नाही.

मॅडम, मी शिस्तीत आहे. फक्त एवढंच कळवतो की काल शिरूरच्या बाजारात एक मुलगी पाठमोरी अगदी तुमच्यासारखी दिसली. मी तिच्यामागं चालत एसटी स्टँडपर्यंत गेलो. ती वळली तर कुणाची तरी आई होती.

आपला विश्वासू,
बिरदेव

*

खुटबाव
१८ ऑगस्ट २०२५

श्री. बिरदेव यांस,

हुकूम वाचला. 'आरशातील प्रतिमा' हे भाषांतर गमतीचं आहे, पण त्याने बिघडत नाही. काम शेवटी तज्ज्ञाकडे जाणार. टायपिंग क्लासवाला का असेना, एवढं त्याला कळेलच.

लोकांच्या आयांच्या मागे फिरू नकोस. त्यालाही कलम आहे.

अंकिता संपत

*

न्हावरे
९ सप्टेंबर २०२५

मॅडम,

त्याला कळलं नाही.

काल अनुपमा मॅडमनी मोठं पाकीट दिलं. वर शिक्के, सह्या, लाख. मला वाटलं आत डिस्क असणार. आत निघाला एक रंगीत फोटो! मच्छिंद्र सरांच्या क्लासशेजारी केशकर्तनालय आहे. तिथल्या खुर्चीत जप्त केलेला कॉम्प्युटर बसवलाय, पडद्यासकट. जप्तीचं पांढरं फडकं त्याच्या गळ्याभोवती तसंच गुंडाळलेलं. समोरच्या आरशात तो दिसतोय आणि आरशाचा फोटो काढलाय. खाली लिहिलंय: 'सदर प्रतिमा ही आरशातीलच असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' अंकिता, आईशप्पथ सांगतो, कॉम्प्युटर दाढीला बसल्यासारखा दिसतो!

मॅडम म्हणायचं राहिलं, माफी.

मी तसाच क्लासवर गेलो. म्हटलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "हुकमात काय लिहिलंय ते वाच की. आरशातली प्रतिमा. सोमवारी सलूनला सुट्टी असते, म्हणून आरसा मोकळा मिळाला, न्हाईतर तेवढंही झालं नसतं. आन् मशीन चालू करून काढलाय बरं का, बंद मशीन मेल्यासारखं दिसतं." मी त्यांची टेबलावरची घंटी उचलून फेकली. ती इलेक्ट्रॉनिक नव्हती, मी आधी बघून घेतलं होतं.

अनुपमा मॅडमनी डोक्याला हात लावला. परत अर्ज करायचा म्हटलं तर परत तीन महिने. फोटो तुम्हाला पाठवतो. निदान हसायला होईल.

बिरदेव

*

न्हावरे
२ ऑक्टोबर २०२५

अंकिता,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रोज पोस्टात जातो. तिथल्या धुरपदाताई मला लांबून बघूनच मान हलवतात.

आज कळलं उत्तर का नाही ते. खुटबावचा एकजण दूध घालायला आलेला, त्यानं सांगितलं. काल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संपतमामाकडं पाहुणे आले होते, जीपभर. चहा-पोहे झाले. बघणं झालं. पसंती झाली. मामा खुशीत होते.

झालं तर मग. माझ्या बाजूनं आता कुणीच नाही. आरशातल्या कॉम्प्युटरवर मी किती दिवस जगू? येत्या सोमवारी हजेरीला जाईन तेव्हा सांगून टाकतो की व्हय, मीच केलं. आत तरी कुणाच्या लग्नाची पत्रिका येणार नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, बोर्ड बसवायचा असेल तर दुसरा माणूस बघ.

सुखी राहा. खरंच राहा.

बिरदेव

*

खुटबाव
४ ऑक्टोबर २०२५
(दौंडच्या एसटीतून कंडक्टरच्या हातानं)

अरे मूर्खा,

पाहुणे मेंढा बघायला आले होते. आमचा कपाळावर चांदवा असलेला. चहा-पोहे त्यांनी खाल्ले, बघितलं मेंढ्याला, पसंत पडला तो मेंढा. दादांना तो देताना जीव तुटत होता, खुशीत कुठले!

आणि गुन्हा कबूल करणार म्हणतोस, तर कसा केला ते सांगावं लागेल. बाहेरून मशीनमध्ये कसा शिरलास? सांग बघू. तुला सांगता येणार नाही, कारण नेटवर्किंगचा पेपर दुसऱ्या वर्षाला असतो आणि तू तो दिलेलाच नाहीस. तुला हॅकिंग येत नाही, बिरदेव. ही गोष्ट मी शपथेवर सांगू शकते.

उत्तर लिहिलं नाही कारण अहवाल लिहीत होते. पुण्याच्या माझ्या सरांकडून दोनदा तपासून आणला. आता नीट वाच, आणि मध्ये उठू नकोस.

तुझा फोटो पोचला तेव्हा मी आधी हसले. मग घरातला आरसा उतरवला आणि फोटो त्याच्यासमोर धरला, म्हणजे आरशातलं उलटं परत सुलटं झालं. पडद्यावर संस्थेचा प्रोग्राम उघडा आहे. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत लॉगिनचं नाव आहे. आरशात ते उलट्या बाजूनं 'वेड्रिब' असं काहीतरी दिसतं. सुलट वाचलं तरी वेडाच निघतो: 'बिरदेव'. खाली तारीख आणि वेळ आहे. १ सप्टेंबर, सकाळी अकरा वीस.

एक सप्टेंबरला सोमवार होता. दर सोमवारी दहा ते बारा तू कुठं असतोस? पोलीस ठाण्यात, हजेरीच्या बाकावर. रजिस्टरला तुझी सही आहे. म्हणजे तू पोलिसांसमोर बसलेला असताना तुझं लॉगिन तिकडे सलूनच्या खुर्चीत उघडं होतं. कारण पासवर्ड मशीननं लक्षात ठेवलाय. मशीन चालू करेल त्याचं नाव बिरदेव. वच्छलाबाईंनी चालू केलं तर वच्छलाबाई बिरदेव, मच्छिंद्र सरांनी केलं तर ते बिरदेव. त्यांचा एकुलता एक पुरावा त्यांनीच शिक्का मारून आपल्याला दिलाय.

शिवाय जप्त मशीन चालू केलं, म्हणजे अंगठाही पुसला गेला. हॅश व्हॅल्यू ते देऊच शकणार नाहीत.

सोमवारी हजेरीला जा. सही कर. तोंड उघडू नकोस. त्या रजिस्टरची नक्कल काढायचा अर्ज वकीलबाईंकडून करून घे. आणि हे पत्र चुलीत घाल. यात मी तुला 'मूर्खा' म्हटलंय. अनोळखी माणसाला तज्ज्ञ असं लिहीत नाहीत.

अंकिता संपत

*

न्हावरे
२ फेब्रुवारी २०२६

मॅडम,

ते पत्र मी चुलीत घातलं नाही. तो एक गुन्हा मी खरंच केला.

शुक्रवारी निकाल लागला. मी निर्दोष. तुम्ही साक्ष देऊन लगेच दौंडची गाडी पकडलीत ती पकडलीत, निकालाला आला नाहीत, म्हणून कळवतो.

साहेबांनी लिहिलंय की लॉगिन आरोपीचंच होतं, पण ते कुणालाही उघडता येत होतं. मच्छिंद्र सरांची उलटतपासणी तुम्ही बाहेर बसल्यामुळं ऐकली नाही. अनुपमा मॅडमनी विचारलं, "या मशीनची हॅश व्हॅल्यू काय आहे?" सर बराच विचार करून म्हणाले, "जुनं मशीन हाय. हॅश म्हणा, रोख म्हणा, चार हजाराच्या वर कुणी देणार न्हाई." शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. अनुपमा मॅडम नंतर मला म्हणाल्या, "याच माणसाच्या शब्दावर तू एक वर्ष घालवलंस." मी हसलो, पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून काही उतरेना.

निकालात शेवटी असंही आहे की बोर्डानं मशीननं मोजलेलंच दाखवलं, याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही. चेअरमननी सांगितलंय की त्या दिवशी गाय पाणी जास्त प्यायली होती. बोर्ड 'देखभालीसाठी बंद' आहे. वच्छलाबाई आता मला बघितलं की शिट्टी मारतात.

फोन परत मिळाला. चालू करून बघितला, वर्षभराचे निरोप टिंगटिंग वाजत आले. तुमचा एकही नव्हता. बरोबरच आहे.

कारण मी तुमची साक्ष ऐकली आहे. सरकारी वकिलांनी विचारलं, "संपतराव आरोपीचे कोण?" तुम्ही म्हणालात, "मामा." सगळं कोर्ट हसलं. "सख्खे?" "मानलेले." परत हसलं. "मग आरोपी तुमचा कोण लागतो?" त्या गोंधळात तुमचं पहिलं काही नीट कानावर आलं नाही. शेवटचं मात्र स्पष्ट आलं. "काही नाही."

आवाजात कापरंसुद्धा नव्हतं. खटल्यासाठी म्हणालात हे मला कळतं. पण खोटं बोलायची तुमची सवय नाही, हेही मला कळतं. शपथेवर तर नाहीच. आई पेढे वाटत फिरते आहे आणि मी खाटेवर पालथा पडलोय. मी सुटलो, एवढं खरं.

आता त्रास देणार नाही.

बिरदेव

*

खुटबाव
८ फेब्रुवारी २०२६

बिरदेवा,

तुझी मोठी खोड एकच आहे, अर्धवट सोडायची. कॉलेज अर्धवट सोडलंस. माझी साक्षही अर्धी ऐकून उठलास.

कॉलेजात सगळे अभिनंदन करतात. गेल्या आठवड्यात दोन बायका शोधत आल्या. एकीच्या मुलावर कुणाचं तरी खातं उघडल्याचा आळ आहे, दुसरीच्या नवऱ्यावर खोट्या निरोपाचा. दोघींकडे वकील आहेत, वकिलांना सांगणारा कुणी नाही, आणि समोर तज्ज्ञ म्हणून मच्छिंद्र सर. आपल्याला सलूनचा आरसा सापडला, बिरदेव. मच्छिंद्र सरांनी क्लासशेजारी पिठाची गिरणी असलेली जागा भाड्यानं घेतली असती तर तू आत असतास. आणि ज्याला मानलेल्या मामाची पोरगी नाही, त्यानं काय करायचं? वकीलबाई मोफत मदत समितीकडे अर्ज करणार आहेत की वकिलासारखा तज्ज्ञही मिळावा. त्यावर पहिलं नाव माझं आहे. दुसरं नाव अजून नाही. म्हणून विद्यापीठाचा फॉर्म जोडला आहे. दुसऱ्या वर्षापासून. मास्तर कितीही चिडवो, घंटी फेकायची नाही. साक्षीची माझी फी कुणी दिलेली नाही, तीच ही समज.

आता साक्षीबद्दल. मी खोटं बोलत नाही, हे तू बरोबर लिहिलंस. सोबत साक्षीची प्रमाणित नक्कल जोडली आहे. तिसरं पान, खालून चौथी ओळ. तुला घाई, म्हणून इथंच उतरवते:

'प्रश्न: आरोपी तुमचा कोण लागतो? उत्तर: आजच्या तारखेला काही नाही.'

'आजच्या तारखेला' हे शब्द टायपिस्ट गाळत होता. मी त्याला थांबवून ते घालून घेतले. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

ती तारीख नऊ जानेवारी होती. आज आठ फेब्रुवारी आहे.

फोन आहे म्हणून फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. आबांना आणि सगुणाआत्याला घेऊन रविवारी ये. दादांना काही सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर म्हण, मेंढा बघायला आलोय.

अंकिता